मालनने पाहिलेला रस्ता

जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. मेलेल्या सवतीचं काय करायचं, हे कुंदाला कोणी शिकवलं नव्हतं.

घाटकोपरच्या शाळेतल्या विद्याधर मास्तरांना तिला दुसरेपणावर दिली, त्याला दोन वर्षं होत आली होती. पहिली बायको मालन हृदयाच्या विकाराने गेली, एवढंच लग्नाआधी तिच्या कानावर घातलं गेलं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मंगळसूत्राच्या जोडीला तिच्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. नखाएवढा पत्रा आणि त्यावर ठोकलेली बाईची आकृती. ही मालन. घरात नवं पातळ आलं, की आधी टाकापुढे ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं आणि मग आपण नेसायचं. सणाला गोडाचा पहिला घास तिचा. कुंदाच्या आत्यानेही ही चाल जन्मभर पाळली होती, म्हणून कुंदानेही कुरकुर केली नाही. पण हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की या घरात आपल्या वाट्याला येणारं सगळं आधी कोणीतरी वापरलेलं असतं. पलंग, पोळपाट, नवरासुद्धा. तिला फार काही नको होतं. एकच गोष्ट हवी होती, जी मास्तरांनी मालनबरोबर केलेली नाही आणि पहिल्यांदा तिच्याबरोबर करतील. साधी असली तरी चालेल, पण पहिली हवी.

म्हणून मार्तंडरावांनी मोटार घेतल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्यापेक्षा जास्त आनंद कुंदाला झाला. मार्तंडराव हे मास्तरांचे कॉलेजातले मित्र. बँकेत साहेब होते, सात-आठ वर्षं नागपुरात काढून नुकतेच मुलुंडला राहायला आले होते. मोटार म्हणजे दोघांच्या हाताखालून आलेली जुनी मॉरिस, पण दिवसातून तीनदा ते तिला फडक्याने पुसत. त्यांच्या बायकोने, माणिकने, जानेवारीतल्या एका रविवारचा बेत ठरवला. घाटकोपरहून ठाणं, तिथून घोडबंदरच्या रस्त्याने बोरीवली, मग अंधेरी, जुहू आणि कुर्ल्याच्या रस्त्याने परत.

"कान्हेरीची लेणी नकोत हां," माणिक म्हणाली. "ती काय, सगळेच बघतात. आपण रस्त्याकडेच्या गमती बघू. माझ्याकडे यादी आहे."

मालन उभ्या जन्मात मोटारीत बसली नव्हती, हे कुंदाने सासूबाईंकडून आडून आडून काढून घेतलं होतं. त्या रविवारी तिने मोरपंखी पातळाची घडी मोडली आणि टाकापुढे न ठेवताच नेसली.

यादी कसली ते भांडुपला कळलं. कुंदा आणि माणिक मागे बसल्या होत्या, मास्तर पुढे मार्तंडरावांच्या शेजारी. माणिकने पर्समधून दोऱ्याने बांधलेला पाकिटांचा जुडगा काढला.

"ही मालनची पत्रं," ती म्हणाली. "मी नागपुरात होते ना, तेव्हा महिन्याला एक यायचंच. भावोजी दर रविवारी तिला सायकलवर घालून कुठे कुठे न्यायचे, सगळं लिहायची. मी तिकडे उन्हाच्या झळा खात वाचायची आणि आणखी जळायची. आमच्या ह्यांनी सीताबर्डीच्या बाजारापुढे मला काही दाखवलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, मुंबईला गेले की हे सगळं बघायचं."

म्हणजे मोटारीत बसणारी पहिली कुंदा असली तरी रस्ता मालनने आधीच बघून ठेवलेला होता.

मास्तरांनी मान वळवली. "मालन हे लिहायची तुम्हांला, वहिनी? पाकिटं पेटीत मीच टाकायचो. आत काय असायचं ते कधी विचारलं नाही."

"मग आता ऐका," माणिक म्हणाली.

पहिला होता तो वाजणारा दगड. रस्त्याला लागून, बसलेल्या म्हशीएवढा काळा फत्तर. त्यावर खडा मारून मारून लोकांनी पांढरे डाग पाडले होते. माणिकने उभं राहून पत्र वाचलं. "हे म्हणाले, मालन, तू मार. मी खडा मारला, तर एकामागून एक सात घंटा वाजल्या. मागून बैलगाडी येत होती ती थांबली. बैलांनी माना हलवल्या, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांनी आठवी घंटा दिली."

मार्तंडरावांनी खडा मारला. ठक्. त्यांनी दुसरीकडे मारून पाहिलं, तिसरीकडे मारून पाहिलं. शेजारच्या कुठल्याही दगडाने केला असता तोच आवाज या दगडाने केला.

"मालनचा हातच वेगळा होता," माणिक म्हणाली.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं. कुंदाने चांगला मुठीएवढा खडा उचलला आणि सगळा राग घालून हाणला. खडा फुटला, दगड काही बोलला नाही. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघतच नव्हते.

"वहिनी," ते म्हणाले, "ते बैलांचं पुन्हा एकदा वाचा."

घोडबंदरच्या रस्त्याला, खाडीच्या अंगाला धोंडू नावाच्या माणसाचं चहाचं हॉटेल होतं. त्याच्या पुढ्यात कोणा हौशी गवंड्याने सिमेंटची मगर करून ठेवली होती, दहा-बारा हात लांब आणि जबडा उघडा. जबड्यात बसून चहा प्यायचा, ही तिथली गंमत. वरचा जबडा अर्धा तुटला होता आणि आतली लोखंडी सळई बाहेर आली होती. पत्रात मात्र मालन लिहीत होती, की मी जबड्यात बसून सावकाश चहा प्यायले, आणि तो मिटू नये म्हणून ह्यांनी माझा चहा संपेपर्यंत वरचा जबडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. ह्यांचा स्वतःचा चहा निवून गेला.

कुंदा जबड्यात जाऊन बसली. कप हातात घेऊन बसून राहिली. तिला वाटलं, नवरा येईल, हसत का होईना, त्या तुटक्या जबड्याला हात लावील. तिने चहाचे घोट फार लहान घेतले. मास्तर गाडीच्या बॉनेटपाशी उभे होते. त्यांनी माणिककडून ते पत्र मागून घेतलं होतं आणि अक्षरांवरून बोट फिरवत होते. त्यांचाही चहा निवत होता, पण कोणासाठी ते कुंदाला ठाऊक होतं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती ताडकन उठली आणि पदर सळईत अडकून वीतभर फाटला.

फाटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "अगंबाई, नवंकोरं ना?" माणिक म्हणाली. "टाकाला दाखवलं होतंस ना आधी?"

"हो," कुंदा म्हणाली. खोटं बोलताना टाक गळ्याला टोचल्यासारखा वाटला. घे, फाडलंस ना, असं ती मनातल्या मनात मालनला म्हणाली. एवढं सगळं तुझं, त्यात माझं एक पातळ तुला बघवलं नाही.

दशम्या आणि बटाट्याची भाजी गाडीतच खाऊन ते बोरीवलीकडे वळले. वाटेत माणिकने पुढचं पत्र वाचायला घेतलं आणि मास्तर ऐकण्यासाठी सबंध वळून बसले. त्यांचा चेहरा आता कुंदाला समोर दिसत होता. दोन वर्षांत तिने तो असा कधी पाहिला नव्हता. तिने केलेल्या पुरणपोळीला नाही, तिच्या आजारपणात नाही, पहिल्या रात्रीही नाही. एका बाईची नवी नवी पत्रं आजच त्यांच्या हाती पडत होती आणि ती बाई पाच वर्षांपूर्वी गेली होती. तिच्याशी बरोबरी करायची तरी कुठे?

बोरीवलीला, समुद्रापासून चांगलं लांब, गुणाजी नावाच्या म्हाताऱ्या खलाशाने बोटीच्या आकाराचं घर बांधलं होतं. मालवणचा माणूस, आगबोटीवर तीस वर्षं काढलेली, जमिनीवर झोप येईना म्हणून घरालाच बोटीसारखी पुढे निमुळती नाळ काढली, गोल खिडक्या ठेवल्या आणि गच्चीवर सुकाणू बसवलं. मालनने लिहिलं होतं, की सुकाणू फिरवलं की सगळं घर डोलतं आणि मला अशी बोट लागली, की ह्यांनी खिशातून लिंबू काढून चोखायला दिलं.

मार्तंडराव, माणिक आणि मास्तर खाली स्वयंपाकघर बघत राहिले. त्याला गुणाजी इंजिनघर म्हणायचा. कुंदा त्याच्यामागून शिडीने गच्चीवर गेली. सुकाणू म्हणजे कुठल्याशा भंगारातलं चाक होतं आणि ते गंजून घट्ट बसलं होतं.

"मास्तर आज माणसां घेवन इले, बरा वाटला," गुणाजी म्हणाला. "पयलां आपले एकटेच येयत."

कुंदाचा चाकावरचा हात थांबला. "एकटेच? बायको नसायची बरोबर?"

"छ्या. एकटेच. सायकल थंय माडाक लावीत आणि नको नको ता इचारीत. वारो खंयसून येता, पावसात पाणी खंय जाता, ह्या खिडकेतसून बगलां तर काय दिसता. मी म्हटलां, तुमका घर बांधूचा आसा काय? तर म्हणाले, नाय रे, घराक जावन सांगूचा आसता."

एकाएकी कुंदाला सगळं उमगलं. मालन आलीच नव्हती. इथे नाही, मगरीपाशी नाही, दगडापाशी नाही. बसून बसून पत्रं लिहिली नुसती. म्हणजे या रस्त्यावर मास्तरांबरोबर आलेली पहिली बाई कुंदाच होती. तिने त्या गंजक्या चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि शिडी उतरताना एक पायरी चुकली तरी तिला हसू आलं.

ते हसू गोरेगावपर्यंत पुरलं. माणिक मालनचं गुणगान करत होती आणि कुंदा आत गुदगुल्या झाल्यासारखी गप्प बसली होती. बोल बाई, बोल. पण जोगेश्वरी आली आणि तिला गुणाजीचं बोलणं पुन्हा आठवलं, या वेळी दुसऱ्या बाजूने. वारा कुठून येतो, पाणी कुठे जातं, हे नवऱ्याने कोणासाठी विचारलं? उन्हातान्हात सायकल हाणत तो कोणासाठी गेला? कुंदाला त्याने कधी येऊन सांगितलं होतं, की आज रस्त्यात मी अमुक पाहिलं? शाळेतून यायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि चहा मागायचा. तिचा मत्सर कमी व्हायचा तो दुप्पट झाला.

जुहूच्या अलीकडे शेवटची गंमत होती. रस्त्याच्या कडेला एक जुनी गोरखचिंच, बुंधा एवढा जाड, की त्याच्या ढोलीत म्हणे एक न्हावी दुकान थाटून बसायचा. पत्रात मालनने झाडाच्या पोटात बसून आरसा धरला होता आणि न्हाव्याने मास्तरांची दाढी केली होती. प्रत्यक्षात न्हावी नव्हता, आणि ढोली कोणीतरी विटांनी बुजवून टाकली होती.

माणिकने झाडाभोवती एक फेरी मारली आणि पारावर बसली. दिवसभराचा विरस तिच्या तोंडावर उतरला होता. "काय बाई हे. एक म्हणून गोष्ट तिने लिहिल्यासारखी नाही. पण मालन असती तर तिने यातूनही मजा काढली असती." मग तिची नजर कुंदाकडे वळली. "तू मात्र सकाळपासून एरंडेल प्यायल्यासारखी बसली आहेस. जरा शिकावं गं तिच्याकडून."

"त्या आल्याच नव्हत्या," कुंदा म्हणाली.

"काय?"

"तुमची मालन यातल्या एकाही ठिकाणी आली नव्हती. हे एकटे यायचे. विचारा ह्यांना. सगळी पत्रं खोटी आहेत."

मार्तंडराव गाडीची काच पुसत होते, ते थांबले. माणिक मास्तरांकडे बघत राहिली, ते नाही म्हणतील म्हणून. कुंदाही बघत होती. तिला वाटलं होतं, ते रागावतील, आणि रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"खरं आहे, वहिनी," मास्तर म्हणाले. "तिचं हृदय अधू होतं. डॉक्टरांनी जिना उतरायचा नाही म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही राहायचो तिसऱ्या मजल्यावर. चार वर्षं ती खाली उतरली नाही. कोणाला कळवू द्यायची नाही, कीव केलेली तिला खपायची नाही. मग रविवारी मी जायचो आणि बघून येऊन सांगायचो. पहिल्यांदा सांगितलं, एक दगड आहे, वाजतो. ती म्हणाली, कसा? आता ठक् वाजतो असं कसं सांगणार? म्हटलं, घंटेसारखा. पुढच्या खेपेला दोन घंटा झाल्या."

ते पारावर माणिकच्या शेजारी बसले. "पण बैल मी सांगितले नव्हते. जबडा धरल्याचं नाही, लिंबाचं नाही, हा आरसाही नाही. ते सगळं तिचं तिने घातलं. मला आज कळतंय."

माणिकने जुडग्याचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "आणि मी तिच्यावर जळत होते," ती म्हणाली. "तिला लिहिलंही होतं तसं. तू सुखी आहेस बाई, असं." तिने पत्रं मास्तरांच्या हातात दिली आणि डोळे पुसत गाडीत, पुढे नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

मास्तर तिथेच बसून वाचत राहिले. कुंदा फाटका पदर मुठीत धरून उभी होती. तिने मागितलं होतं ते तिला मिळालं होतं, एक सोडून चार ठिकाणी. चारही ठिकाणी ती पहिली होती. आणि तिला मिळाली ती तुटक्या जबड्याची मगर, मुका दगड आणि विटा भरलेलं झाड. जबडा धरणारा नवरा, सात घंटा, लिंबू, हे सगळं ती तिसऱ्या मजल्यावर बसलेली घेऊन गेली होती. कुंदाला रडू फुटेल असं वाटलं. मालन आली असती तरी परवडलं असतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. आलेल्या बाईला निदान इथे काही नाही हे तरी दिसलं असतं.

परतताना मास्तर मागे तिच्याजवळ बसले, मांडीवर पत्रं. अंधेरी मागे पडली. उन्हं उतरली होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं पसरली होती. मास्तर त्यांच्याकडे बघतही नव्हते. पुढे दोघं गप्प, मागे दोघं गप्प. हे असंच घरापर्यंत जाईल, कुंदाच्या मनात आलं, आणि उद्याही असंच, आणि पुढेही. तिला नवऱ्याचा राग आला, मालनचा आला, आपल्या हातात काही नसण्याचा तर सगळ्यात जास्त आला.

"ते घर पाहिलंत का?" ती एकदम म्हणाली.

"कुठलं?"

"आत्ताच मागे गेलं ते. दार नसलेलं."

मास्तरांनी मागच्या काचेतून पाहिलं. या रस्त्याने ते शंभरदा सायकल घेऊन गेले असतील. मागे खाचरं होती, एक ताड होता, घर नव्हतं. ते नाही म्हणाले असते तर कुंदाने पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं.

"दार नाही?" मास्तर म्हणाले.

"नाही. चारी बाजूंनी खिडक्याच. एक माणूस शिडी लावून खिडकीतून आत जात होता. खांद्यावर पाण्याची घागर."

मास्तर तिच्याकडे बघत होते. दिवसभरात त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं ते आत्ता.

"आत गेल्यावर शिडी वर ओढून घेतो?" त्यांनी विचारलं.

"घेतो."

"का?"

एवढा विचार तिने केला नव्हता. ती बाहेर खाचरांकडे बघत राहिली.

"घरात त्याची एक बायको आहे," ती म्हणाली. "तिला दुसरं कोणी आत आलेलं खपत नाही. मग ती जिवंत असो नाहीतर मेलेली."

गाडी एका खड्ड्यात आदळली आणि मार्तंडराव पुढे पुटपुटले. मग मास्तरांनी मांडीवरची पत्रं उचलून पायापाशी पिशवीत ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून बसले.

"हं," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग."